लिम्फोमा बरा झाल्यानंतर दुसऱ्या कॅन्सरचा धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिम्फोमातून, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमधून, बऱ्या झालेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. यातले बरेचसे प्रश्न पेशंट फॉलोअपच्या ओपीडीतून निघता निघता, दाराशी थांबून विचारतात, आणि तेवढ्यात पुढच्या नंबराची हाक येते. म्हणून इथे उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. सगळं वाचायलाच हवं असं नाही. तुमच्या ट्रीटमेंटशी जुळतं तेवढं वाचलंत तरी चालेल. फाईलबद्दलचा प्रश्न मात्र कुणीही सोडू नका.

लिम्फोमा बरा होऊन बारा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही नॉर्मल. मग हे नवीन काय?

डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. हॉजकिन लिम्फोमा (लिम्फोमाचा एक मुख्य प्रकार) उलटायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. पाच वर्षं सुखरूप गेली की तो परत येण्याची शक्यता फार कमी उरते.

इथे आपण बोलतोय ते त्या आजाराबद्दल नाही, त्याच्यावर केलेल्या उपचारांबद्दल. केमोची औषधं आणि रेडिएशन लिम्फोमाच्या पेशी मारतात, तेव्हा वाटेत आलेल्या निरोगी पेशींच्या डीएनएलाही इजा होते. बहुतेक इजा शरीर दुरुस्त करतं, थोडी राहून जाते. त्यातून पुढे कधीतरी, वेगळ्याच अवयवात, अगदी नवा कॅन्सर होऊ शकतो. सगळ्यांना तो होत नाही. पण कुणाला, कुठे आणि साधारण किती वर्षांनी होऊ शकतो याचा अंदाज आज बऱ्यापैकी बांधता येतो, आणि अंदाज असला की योग्य वेळी योग्य जागी तपासता येतं.

आजार उलटलाय की दुसरा कॅन्सर झालाय, हे कसं ओळखतात?

बायोप्सीने. नुसत्या स्कॅनवरून नाही, आणि डॉक्टरांच्या अनुभवी अंदाजावरूनही नाही. जुना लिम्फोमा परत आला असला तर त्याची ट्रीटमेंट वेगळी, फुप्फुसात नवीन कॅन्सर असला तर वेगळी. ‘आधी लिम्फोमा होता ना, मग हाही तोच असणार’ असं धरून केमो सुरू करायला कुणी सांगितलं, तर आधी तुकडा तपासायचा आग्रह धरा.

हे नेमकं कुठल्या उपचारांमुळे होतं?

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तुमची ट्रीटमेंट कुठल्या काळात झाली यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लन आणि सॉल रोझेनबर्ग यांनी हॉजकिनच्या पेशंटना मान, काखा आणि छातीचा मधला भाग अशा मोठ्या क्षेत्रावर रेडिएशन द्यायची पद्धत बसवली. या क्षेत्राला मँटल म्हणतात. डोस साधारण ४० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक). त्याच सुमाराला अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमओपीपी हे चार औषधांचं मिश्रण आणलं. तोवर जीवघेण्या ठरणाऱ्या आजारातून तरुण मुलंमुली उठून घरी जाऊ लागली. हे यश किती मोठं होतं ते विसरू नये. आज आपण ज्या दुष्परिणामांची चर्चा करतोय, ते दिसले कारण ही माणसं पुढे वीस, तीस, चाळीस वर्षं जगली.

एमओपीपीमधली मेक्लोरेथामिन आणि प्रोकार्बाझिन ही औषधं अल्किलेटिंग गटातली. ती थेट डीएनएला चिकटतात, आणि त्यामुळे काही जणांना पुढच्या दहा वर्षांत रक्ताचा कॅन्सर झाला. मिलानचे ज्यानी बोनाडोना यांनी १९७० च्या दशकात एबीव्हीडी हे केमोचं दुसरं मिश्रण आणलं. त्यात हा धोका खूपच कमी निघाला, मूल होण्याची क्षमताही बऱ्याच जणांची टिकली. तुमच्या फाईलवर एबीव्हीडी लिहिलेलं असेल तर रक्ताच्या कॅन्सरची भीती बरीचशी बाजूला ठेवू शकता. भारतात बऱ्याच लहान मुलांना सीओपीपी आणि एबीव्हीडीची औषधं आलटून-पालटून किंवा एकत्र करून दिली गेली. सीओपीपीत सायक्लोफॉस्फमाइड आणि प्रोकार्बाझिन असतात, त्यामुळे अशा मुलांच्या बाबतीत रक्ताचा कॅन्सर आणि मूल होण्याची क्षमता, दोन्हींचा विचार करावा लागतो.

रेडिएशनमुळे होणारे कॅन्सर हे गाठीचे: स्तन, फुप्फुस, थायरॉइड, अन्ननलिका, जठर, आतडं, त्वचा. जिथून किरण गेले तिथे किंवा त्याच्या कडेला होणारे. आणि ते फार उशिरा येतात. साधारण दहा वर्षांनंतर दिसू लागतात आणि धोका पुढे तीन-चार दशकं राहतो. रक्ताच्या कॅन्सरचं वेळापत्रक याच्या उलट असतं. अल्किलेटिंग औषधांमुळे होणारा साधारण पाच ते सात वर्षांनी, एटोपोसाइडसारख्या औषधांमुळे होणारा तर एक ते तीन वर्षांतच येऊ शकतो.

आकड्यांत सांगा. धोका किती?

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास नेदरलँड्सचा आहे, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. १९६५ ते २००० या काळात हॉजकिनसाठी उपचार घेतलेले आणि नंतर किमान पाच वर्षं जगलेले ३,९०५ पेशंट त्यात होते. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत त्यांच्यात दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाण ४.६ पट निघालं. उपचारांनंतरच्या चाळीस वर्षांत ४८.५ टक्के लोकांना दुसरा कॅन्सर झाला. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकसंख्येत हा आकडा १९ टक्के अपेक्षित होता.

हे वाचून पोटात गोळा येतो, म्हणून दोन गोष्टी लगेच सांगते. एक, हे चाळीस वर्षांचं गणित आहे. वीस वर्षांच्या मुलासाठी ते साठीपर्यंतचं गणित, आणि तोपर्यंत लिम्फोमा कधीच न झालेल्या माणसांनाही काही प्रमाणात कॅन्सर होतोच. दोन, ‘इतके पट’ हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. जो कॅन्सर हजारात एकाला होतो तो पाचपट झाला तरी हजारात पाच जणांना होतो. जो मुळातच बऱ्याच जणांना होतो तो दुप्पट झाला तरी खूप माणसं वाढतात. तुमच्या डॉक्टरांना ‘किती पट’ विचारण्यापेक्षा ‘माझ्यासारख्या शंभरातल्या किती जणांना, आणि कुठल्या वयापर्यंत’ असं विचारा.

माझी ट्रीटमेंट २०१५ नंतरची आहे. हेच आकडे मला लागू होतात का?

जसेच्या तसे नाहीत. मँटल आता देत नाहीत. जिथे गाठी होत्या तेवढ्याच भागावर, तेही बहुधा २० ते ३० ग्रे, असं रेडिएशन दिलं जातं. जर्मन हॉजकिन गटाच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचडी-१० या चाचणीत सुरुवातीच्या, सौम्य स्वरूपाच्या आजारात एबीव्हीडीच्या दोन सायकल (केमोच्या फेऱ्या) आणि २० ग्रे एवढं पुरतं, हे दिसलं. पुढे उपचार चालू असताना मधेच केलेल्या पेट स्कॅनवरून (कॅन्सर कुठे सक्रिय आहे ते दाखवणारा स्कॅन) औषधं कमी करणं, काही जणांचं रेडिएशन पूर्णच टाळणं, श्वास भरून धरायला लावून हृदयावरचे किरण कमी करणं, हे सगळं आलं.

तरी ‘आता काळजी मिटली’ असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्सच्याच अभ्यासात १९८९ ते २००० मध्ये उपचार घेतलेल्यांचा एकूण धोका आधीच्या पेशंटपेक्षा कमी झालेला दिसला नाही, आणि त्याने जाणकारांनाही धक्का बसला होता. आजच्या कमी डोसचा खरा हिशोब आणखी वीस वर्षांनी लागेल. धोका कमी असणार असं मानायला सबळ कारणं आहेत, पण तपासण्या सोडायला ती पुरेशी नाहीत.

मला काय दिलं होतं ते आठवत नाही. फाईल घर बदलताना गेली. आता काय करू?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. वरचं-खालचं सगळं एका माहितीवर उभं आहे: तुमच्या शरीरात काय गेलं, किती गेलं आणि तेव्हा तुमचं वय काय होतं.

जिथे ट्रीटमेंट झाली त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जा. केस नंबर आठवत नसेल तर नाव, साल आणि तेव्हाचा पत्ता सांगा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर माहेरचं नाव सांगायला विसरू नका, फायली तिथेच अडतात. मोठ्या सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत जुनी रेकॉर्ड बऱ्याचदा मिळतात. खाजगी दवाखान्यात मिळतीलच असं नाही, म्हणून उशीर करू नका. रेडिएशन दुसऱ्या सेंटरला झालं असेल तर तिथे वेगळं विचारावं लागेल, कारण केमोच्या फाईलमध्ये बहुधा ‘आरटी (रेडिएशन) दिली’ एवढीच ओळ असते.

मिळालेल्या कागदांतून हे शोधा. निदान नेमकं काय होतं आणि तारीख. केमोचं नाव आणि किती सायकल झाल्या. डॉक्सोरुबिसिनचा, म्हणजे त्या लाल औषधाचा, एकूण डोस. सायक्लोफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन, एटोपोसाइड यातलं काही होतं का. रेडिएशन कुठल्या भागाला, किती डोस, कुठल्या तारखांना. जुन्या कार्डावर ४००० रॅड किंवा ४००० सेंटीग्रे असं दिसलं तर ते ४० ग्रेच. घाबरू नका, एकक बदललंय.

कागद मिळालेच नाहीत, तर शरीर थोडंफार सांगतं. छातीच्या मध्यावर, काखेखाली किंवा गळ्याच्या खळीपाशी तिळाएवढे निळसर-काळे ठिपके आहेत का बघा. ते तीळ नसतील, रेडिएशनचं क्षेत्र आखताना टोचलेल्या खुणा असतील. त्यांचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. घरातल्या मोठ्यांना विचारा: ‘लाईट’ दिली होती का, शेक दिला होता का, रोज जावं लागायचं की तीन आठवड्यांतून एकदा? रोज, सोमवार ते शुक्रवार, दोन-चार आठवडे जात असाल तर ते रेडिएशन होतं.

एवढं जमलं की एका कागदावर सुवाच्य लिहून काढा, फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

मला सतराव्या वर्षी छातीला रेडिएशन मिळालं. आता मी एकोणतीस. स्तनाचा कॅन्सर होणार का?

होणारच असं नाही, पण ज्या गटाने सगळ्यात जागरूक राहायला हवं त्यात तुम्ही आहात. किशोरवयात आणि विशीत स्तनाच्या पेशी वाढत्या असतात, म्हणून त्या वयातलं रेडिएशन जास्त त्रासदायक ठरतं. चाळिशीनंतर मिळालेल्या रेडिएशनमुळे हा धोका फारसा वाढत नाही.

जुन्या डोसचा एक हिशोब असा आहे. पंचविसाव्या वर्षी छातीला ४० ग्रे किंवा जास्त रेडिएशन मिळालेल्या आणि अल्किलेटिंग औषधं न मिळालेल्या शंभर स्त्रियांपैकी पस्तिशीपर्यंत एक-दोघींना, पंचेचाळिशीपर्यंत अकरा जणींना आणि पंचावन्नपर्यंत एकोणतीस जणींना स्तनाचा कॅन्सर झाला असता, असा अंदाज २००५ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी हॉजकिन झालेल्या आणि छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींमध्ये पन्नाशीपर्यंतचा धोका सुमारे ३५ टक्के निघाला आहे. बीआरसीए-१ या जनुकातला दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रियांचा धोका साधारण एवढाच असतो. डोस कमी असेल तर हे आकडेही कमी होतात.

केमोमुळे ज्यांची पाळी लवकर बंद झाली त्यांच्यात हा धोका बराच कमी दिसतो, कारण अंडाशयातली संप्रेरकं कमी पडतात. पण लवकर रजोनिवृत्तीने हाडं आणि हृदयाचे प्रश्न वाढतात. अशा वेळी हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ दोघांना विचारूनच ठरवा.

तपासणी कधीपासून? लहान वयातल्या कॅन्सरनंतरच्या फॉलोअपसाठी जगभर वापरला जाणारा नियम असा: तिशीच्या आत छातीला १० ग्रे किंवा जास्त रेडिएशन मिळालं असेल, तर रेडिएशननंतर आठ वर्षांनी किंवा वयाच्या पंचविसाव्या वर्षी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी मॅमोग्राफी आणि स्तनाचा एमआरआय. तुमच्या बाबतीत सतरा अधिक आठ म्हणजे पंचवीस. चार वर्षं झाली. याच महिन्यात वेळ घ्या.

दोन्ही तपासण्या का? तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत गाठ लपते आणि एमआरआयमध्ये दिसते. कॅल्शियमचे बारीक कण मात्र मॅमोग्राफीतच नीट दिसतात. एमआरआयचा खर्च बऱ्याच घरांना झेपत नाही, हे खरं आहे. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी राखायच्या असतात; अशा हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, तपासण्यांतही सवलत मिळते का ते विचारा. एमआरआय जमलाच नाही तर मॅमोग्राफीसोबत चांगल्या हातची सोनोग्राफी तरी करा. ती बरोबरीची नाही, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरी.

ब्रिटनमध्ये २००३ साली अशा स्त्रियांना जुन्या रेकॉर्डवरून शोधून बोलावून घेण्याची मोहीम झाली होती. आपल्याकडे असं पत्र कुणाच्या घरी येत नाही. म्हणून ही तारीख तुम्हालाच सांभाळायची आहे, आणि सोनोग्राफीवाल्याने किंवा शेजारच्या काकूंनी ‘एवढ्या लहान वयात मॅमोग्राफी कशाला’ म्हटलं तरी मागे हटायचं नाही.

मॅमोग्राफीतही रेडिएशन असतंच ना?

असतं, पण ट्रीटमेंटच्या डोसच्या हजारो पटींनी कमी. मॅमोग्राफी टाळून होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं.

माझा हॉजकिन नव्हता, डीएलबीसीएल (नॉन-हॉजकिन गटातला एक लिम्फोमा) होता. आर-चॉप या केमोच्या सहा सायकल झाल्या. मलाही धोका आहे का?

आहे, पण पुष्कळ कमी. तुम्हाला रेडिएशन मिळालं नसेल तर वरचं स्तनाचं आणि फुप्फुसाचं गणित तुम्हाला लागू नाही.

सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो असं वाचून बरेच जण घाबरतात. हिशोब करून बघू. आर-चॉपमध्ये एका सायकलला शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ७५० मिलिग्रॅम देतात. मध्यम बांध्याच्या माणसाचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरलं तर एका वेळी १,२०० मिलिग्रॅम, सहा वेळा मिळून ७.२ ग्रॅम. नॉन-हॉजकिनच्या पेशंटवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्राशयाचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला तो एकूण २० ग्रॅमच्या पुढे, आणि ५० ग्रॅमच्या पुढे तर चौदा पटींहून जास्त. असे डोस वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांचे असायचे. तुम्ही त्या पातळीच्या जवळपासही नाही. तरीही लघवीतून रक्त गेलं, दुखलं नाही तरीसुद्धा, लगेच दाखवा.

ऑटोलॉगस ट्रान्सप्लांट (मोठ्या केमोनंतर स्वतःच्याच मूळपेशी परत देणं) झालं असेल तर गोष्ट वेगळी. त्यातले मोठे डोस आणि आधीच्या बऱ्याच केमो मिळून अस्थिमज्जेच्या आजाराचा धोका वाढतो. अशांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नियमित करावा. हिमोग्लोबिन, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी सलग दोन-तीन रिपोर्टांत खाली येत असतील तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर महिने घालवू नका, हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवा.

मी कार-टी थेरपी (आपल्याच टी-पेशी बदलून परत देतात ती) घेतली. त्यानेच कॅन्सर होतो असं बातम्यांत आलं होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कार-टीनंतर टी-पेशींचे कॅन्सर झालेल्या काही पेशंटची चौकशी सुरू केली आणि जानेवारी २०२४ मध्ये औषधांवर तशी सूचना छापायला सांगितलं. हे फार क्वचित घडतं. ज्यांचा लिम्फोमा इतर उपचारांना दाद देत नव्हता अशांना ही थेरपी देतात, त्यामुळे फायद्याचं पारडं जडच आहे. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेली नेक्सकार-१९ ही कार-टी थेरपी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. अशी थेरपी घेतलेल्यांनी आयुष्यभर फॉलोअप ठेवायचा असतो.

तंबाखू, मिश्री, सिगारेट: थोडी चालते का?

नाही. या एका उत्तरात मला काही मवाळ करता येणार नाही.

छातीला रेडिएशन आणि अल्किलेटिंग केमो दोन्ही मिळालेल्या हॉजकिनच्या पेशंटमध्ये बऱ्यापैकी सिगारेट ओढणाऱ्यांचा फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका, यातलं काहीच वाट्याला न आलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ४९ पट निघाला. धोक्यांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. रेडिएशन आता परत घेता येत नाही. सिगारेट सोडता येते. तुमच्या हातात असलेल्या सगळ्या गोष्टींत हीच सगळ्यात मोठी आहे.

आणि मिश्री हे तंबाखूच आहे. गावाकडे बायका ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सकाळी दात घासते’ असं सांगतात, डॉक्टरही पुढे विचारत नाहीत. मान आणि तोंडाच्या भागातून किरण गेलेल्या बाईने मिश्री लावणं म्हणजे आधीच जोखमीत असलेल्या जागेवर रोज तंबाखू चोळणं. घरातल्या आजी, मावशी यांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

आणखी कुठे लक्ष ठेवायचं?

मानेला रेडिएशन मिळालं असेल तर दरवर्षी डॉक्टरांकडून थायरॉइड हाताने तपासून घ्या आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा. थायरॉइड मंदावणं तर कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त जणांमध्ये दिसतं. पोटाला रेडिएशन मिळालं असेल तर रेडिएशननंतर पाच वर्षांनी किंवा तिसाव्या वर्षी, जे नंतर येईल तेव्हापासून, दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपीचा सल्ला दिला जातो. किरण गेलेल्या भागावरच्या त्वचेत न भरणारी जखम, रंग बदलणारा तीळ दिसला तर दाखवा.

नऊ ते सव्वीस वयातल्या मुलामुलींनी एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची) लस घ्यावी, आणि कॅन्सरमधून उठलेल्यांनी तीन डोस घ्यावेत. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक त्यासाठी उपलब्ध आहे.

छातीला रेडिएशन किंवा लाल औषध मिळालेल्यांना हृदयविकाराचा धोकाही असतो. तो या पानाचा विषय नाही, पण इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तदाब सोडू नका.

मानेत गाठ आलीय. इथल्या डॉक्टरांनी टीबी म्हणून औषधं सुरू करूया म्हटलं.

आपल्याकडे मानेतली गाठ टीबीची असणं अगदी शक्य आहे, आणि केमो झालेल्यांना टीबी होतोही. पण लिम्फोमा होऊन गेलेल्या माणसाला तपासणीशिवाय टीबीची औषधं सुरू करू नयेत. शक्यतो पूर्ण गाठ काढून बायोप्सी करा. सुईने काढलेल्या पाण्यावरून लिम्फोमाचा निकाल खात्रीने लागत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे पहिल्या वेळी टीबीच्या औषधांतच महिने गेले असतील.

दरवर्षी पेट स्कॅन केला तर सगळंच कळेल ना?

नाही. लक्षणं नसताना दरवर्षी पेट स्कॅन करून फायदा होतो असं दिसलेलं नाही. जंतुसंसर्ग, सूज, टीबीच्या जुन्या गाठी, काहीही त्यात चमकतं आणि मग बायोप्सीच्या फेऱ्या सुरू होतात. शिवाय रेडिएशन मिळतं ते वेगळंच. पैसे आणि धीर नेमक्या अवयवाच्या नेमक्या तपासणीसाठी राखून ठेवा.

दुसरा कॅन्सर झालाच, तर त्यावर उपचार होतात का?

होतात, पण जरा वेगळा विचार करून. एबीव्हीडी किंवा आर-चॉपच्या सहा सायकलमध्ये डॉक्सोरुबिसिन प्रत्येक चौरस मीटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत होतं. आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० ते ५५० धरतात. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या केमोत आणखी २४० जातं, म्हणजे बेरीज ५४०. म्हणून सर्जन आणि ऑन्कॉलॉजिस्ट यांना जुना डोस पहिल्याच भेटीत सांगा, ते वेगळी औषधं निवडतील. आधीच किरण मिळालेल्या छातीला पुन्हा रेडिएशन देणं अवघड असतं, म्हणून कधी कधी पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला मिळतो. त्याने खचून जाऊ नका. त्यामागे हे कारण असतं, आजार फार पुढे गेलाय असा त्याचा अर्थ नसतो.

माझी ट्रीटमेंट आत्ता सुरू व्हायचीय. हे वाचून वाटतं, रेडिएशनला नाही म्हणावं.

कृपा करून असं एकट्याने ठरवू नका. आजचा लिम्फोमा बरा करणं पहिलं. तो उलटला तर पुढे मोठे डोस आणि ट्रान्सप्लांट लागतं, आणि दुसऱ्या कॅन्सरचा धोका त्याने वाढतोच. डॉक्टरांना विचारा: माझ्या बाबतीत रेडिएशनने नेमका किती फायदा होईल, मधल्या पेट स्कॅननंतर ते टाळता येईल का, डोस किती, स्तन आणि हृदय किती वाचवता येईल. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

फॉलोअप कुठे ठेवायचा? आणि विमा?

मुंबईत टाटा मेमोरियलला १९९१ पासून लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी उपचारांनंतरचं वेगळं क्लिनिक चालतं. तिथे जाणं जमत नसेल तर तुमच्या जिल्ह्यातला एक फिजिशियन धरा, वरचा कागद त्यांच्याकडे ठेवा आणि वर्षातून एकदा ठरल्या महिन्यात जा. विम्याच्या अर्जात जुना आजार लपवू नका. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे. लपवलेलं उघड झालं तर मात्र क्लेम अडकतो.

मुलीला सहाव्या वर्षी हॉजकिन झाला होता. आम्ही तिला ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगितलंय. आता ती एकोणीसची आहे.

तुम्ही का लपवलंत ते समजतं. तेव्हा ती लहान होती, नंतर शाळेत कुणी चिडवू नये म्हणून, आणि आता लग्नाचं मनात येतं म्हणून. अशी घरं खूप आहेत. पण पंचविशीत मॅमोग्राफी का करायची हे तिला माहीत नसेल तर ती करणार नाही, आणि तोवर ती नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात असेल.

वीसच्या आत सांगा. एका बैठकीत सगळं नको. आधी आजाराचं नाव, मग काय काय दिलं ते, मग पुढे काय बघायचं ते. ती चिडेल, रडेल, चार दिवस बोलणार नाही, तेवढी मोकळीक द्या. पुढच्या फॉलोअपला तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा. मूल होईल का, हा प्रश्न ती तुमच्यासमोर विचारणार नाही. उगम हा लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या तरुणांचा गट आहे, तिथे तिच्यासारख्या मुली तिला भेटतील. फाईल तिच्या ताब्यात द्या. स्थळाकडच्यांना काय आणि कधी सांगायचं हे तिच्याशी बोलून ठरवा, शेवटचा शब्द तिचा. तपासणीची तारीख मात्र लग्नाच्या बोलण्यांसाठी पुढे ढकलू नका.